एकशिंगी घोडा आणि आपला गेंडा

जगभरच्या दंतकथा आणि त्यांतले अद्भुत प्राणी यांच्या गोष्टींमध्ये आज पाळी युनिकॉर्नची, म्हणजे एकशिंगी घोड्याची.

घरात लहान मूल असेल, तर या प्राण्याची ओळख करून द्यायला नको. दप्तरावर तो असतो, पायमोज्यांवर असतो, वाढदिवसाच्या केकवर तर हमखास असतो. पण तो मोठ्यांच्या कपाटातही असतो. घरात ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तो काढून बघा. वर जे राजचिन्ह छापलंय, त्यात एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला कपाळावर एकच शिंग असलेला घोडा. त्याला साखळीने जखडलेलं आहे. कॅनडाच्या राजचिन्हातही हीच जोडी दिसेल.

आपल्याला वाटतं, हा परीकथेतला प्राणी, कोण्या आजीने नातवंडांना झोपवताना रचलेला. तसं नाही. युरोपात जवळपास दोन हजार वर्षं शिकलेसवरलेले लोक त्याला खरा प्राणी मानत होते. वाघ-सिंहांच्या माहितीबरोबर त्याचीही माहिती पुस्तकांत येत असे. आणि त्यांतल्या सगळ्यात जुन्या पुस्तकात त्याचा पत्ता दिलाय, हिंदुस्थान. म्हणजे नात्याने हा आपला गाववालाच. त्याचा मूळ चेहरा कुठला आणि तो इतका कसा बदलला, ते आज पाहू.

गोष्ट सुरू होते इराणच्या दरबारात, इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराला. तिथे टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. सम्राट दुसरा अर्तक्षत्र याच्या पदरी तो काम करत असे. दरबारात पूर्वेकडून व्यापारी येत, वकील येत, नजराणे येत. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून टेसियसने हिंदुस्थानावर एक पुस्तक लिहिलं. स्वतः तो हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याचं मूळ पुस्तकही आज उरलेलं नाही. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियस नावाच्या धर्मगुरूने त्याचा सारांश लिहून ठेवला, म्हणून आपल्याला ते कळतं.

टेसियस सांगतो, हिंदुस्थानात घोड्याएवढी किंवा त्याहून मोठी रानटी गाढवं असतात. अंग पांढरं, डोकं तांबडं, डोळे निळे. कपाळावर हातभर लांबीचं एकच शिंग, बुडाशी पांढरं, मधे काळं आणि टोकाला लाल. हा प्राणी एकदा वेगात आला की कोणत्याही घोड्याला त्याला गाठता येत नाही. आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. या शिंगाच्या पेल्यातून जो पाणी किंवा मद्य पितो, त्याला फेफरं येत नाही आणि विष बाधत नाही.

आता हा प्राणी कोणता? अभ्यासकांना या वर्णनात दोन-तीन प्राण्यांची सरमिसळ दिसते. जोरात पळणारं रानगाढव आपल्याकडे होतंच. कच्छच्या छोट्या रणात आजही ते आहे, त्याला घुडखर म्हणतात. आणि एक शिंग, त्या शिंगाचे पेले, त्या पेल्यांचा औषधी गुण, हे सगळं जातं गेंड्याकडे. आजही शास्त्रज्ञ आपल्या गेंड्याला एकशिंगी गेंडाच म्हणतात. आफ्रिकेतल्या गेंड्यांना दोन शिंगं असतात, आपल्याला एकच. म्हणजे कोणी धावण्याची गोष्ट सांगितली, कोणी शिंगाची, कोणी रंगवलेला पेला दाखवला असेल. कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर म्हणतात. इथे ते अंतर सिंधू नदीपासून इराणच्या राजधानीपर्यंतचं होतं.

हिंदुस्थानातल्या माणसांना मात्र गेंडा चांगला ठाऊक होता. तेव्हा तो आजच्यासारखा थोड्याच भागात अडकलेला नव्हता, सिंधूच्या खोऱ्यापर्यंत होता. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर गेंडा कोरलेला आहे, तोही हुबेहूब, कातडीच्या घड्यांसकट. आणि आपल्या महाराष्ट्रातही एक गेंडा सापडलाय. प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. तिथे १९७४ साली काशाच्या चार जड वस्तू मिळाल्या. एक हत्ती, एक रेडा, एक रथ हाकणारा माणूस आणि एक गेंडा. गेंडा चाकांवर उभा आहे. हजारो वर्षांपूर्वी तो कोणी आणि कशासाठी घडवला, यावर विद्वानांचा वाद चालू आहे, पण गेंडा मात्र बघताक्षणी ओळखू येतो.

इथे एक गंमत सांगायला हवी. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सगळ्यात जास्त वेळा जो प्राणी येतो, तोही एकशिंगीच आहे. पण तो गेंडा नाही, दिसायला बैलासारखा आहे. काही म्हणतात, बाजूने काढलेल्या बैलाची दोन शिंगं एकामागे एक आल्याने एकच दिसतं. काही म्हणतात, तो कल्पनेतलाच प्राणी. ती लिपी वाचता येईपर्यंत हा निकाल लागणं कठीण. टेसियसच्या कानावर या प्राण्याची काही आठवण आली होती का, याचाही पुरावा नाही. म्हणून हा धागा इथेच सोडून रोमला जाऊ.

रोममध्ये पहिल्या शतकात प्लिनी नावाचा मोठा ग्रंथकार होऊन गेला. जगातल्या सगळ्या गोष्टींची माहिती एका ग्रंथात आणायची, असा त्याचा पण होता. त्याने हिंदुस्थानातल्या एकशिंगी प्राण्याचं वर्णन केलं ते असं: अंग घोड्याचं, डोकं हरणाचं, पाय हत्तीचे, शेपूट रानडुकराचं, आवाज खर्जातला, आणि कपाळावर दोन हात लांबीचं काळं शिंग. याला जिवंत पकडता येत नाही, असंही तो लिहितो. हत्तीचे पाय आणि डुकराची शेपटी ऐकल्यावर आपल्याला लगेच गेंडा आठवतो. पण प्लिनीला तो आठवला नाही. गेंडा रोममध्ये येऊन गेला होता, इसवी सनापूर्वी ५५ मध्ये पाँपीने लोकांसाठी खेळ भरवले तेव्हा. प्लिनीने त्याच ग्रंथात गेंड्याचं वर्णन वेगळं केलंय. म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन नोंदी झाल्या, एक डोळ्यांनी पाहिलेला आणि एक कानांनी ऐकलेला. त्यानंतर पंधराशे वर्षं हे दोघे वेगवेगळेच राहिले.

मग या ऐकीव प्राण्याला धर्माचा आधार मिळाला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं. मूळ हिब्रूत ‘रेएम’ नावाचा एक बलदंड प्राणी येतो. आज बहुतेक विद्वान त्याचा अर्थ रानबैल असा करतात. भाषांतरकारांनी तिथे एकशिंगी असा ग्रीक शब्द घातला. तोच पुढे चालत आला, आणि १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये युनिकॉर्न नऊ ठिकाणी आला. आता या प्राण्यावर शंका घ्यायची म्हणजे धर्मग्रंथावर शंका घ्यायची! ती हिंमत कोण करणार?

याच सुमाराला त्याचा आकारही बदलला. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत ‘फिजिओलॉगस’ नावाचं प्राण्यांच्या बोधकथांचं एक ग्रीक पुस्तक तयार झालं. त्यात हा प्राणी करडाएवढा लहान आहे, पण फार तापट. शिकाऱ्यांना तो दाद देत नाही. त्याला धरायचा एकच उपाय, एका कुमारिकेला रानात बसवायचं. तो आपणहून येतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि पकडला जातो.

ही गोष्ट ऐकताना आपल्याला ऋष्यशृंग आठवल्याशिवाय राहत नाही. रामायणात आणि महाभारतात त्याची कथा आहे. विभांडक ऋषींचा मुलगा, हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर शिंग असलेला, रानात वाढलेला. अंगदेशात पाऊस पडेना, म्हणून राजाने त्याला आणायला गणिका पाठवल्या. तो भुलून नगरात आला आणि पाऊस पडला. बौद्ध जातकांत ही कथा आहे, आणि ती थेट जपानच्या नाटकांपर्यंत पोहोचली. रानातला शिंगवाला, त्याला भुलवणारी स्त्री, मग नगरात आगमन. युरोपातल्या कथेशी हे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवलंय. एकीतून दुसरी निघाली, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

मध्ययुगात युरोपातल्या चित्रकारांनी आणि विणकरांनी या प्राण्याला आणखी देखणं केलं. पांढराशुभ्र, हरणासारखा नाजूक, लांब पिळाचं शिंग. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी मुलांना घेऊन क्लॉइस्टर्स संग्रहालयात जावं. तिथे १५०० च्या आसपास विणलेले सात भव्य पडदे आहेत. शिकारी युनिकॉर्नच्या मागे कसे लागले, ती कथा त्यांवर आहे. एका पडद्यात तो झऱ्यात शिंग बुडवताना दिसतो. शिंगाने विष उतरतं, ही टेसियसने ऐकलेली गोष्ट अशी दोन हजार वर्षं टिकून राहिली.

पण पिळाचं शिंग आलं कुठून? गेंड्याच्या शिंगाला असा पीळ नसतो. त्याचं उत्तर उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात आहे. तिथे नारव्हाल नावाचा एक लहान देवमासा असतो. नराच्या वरच्या जबड्यातला डावा दात ओठ फोडून बाहेर येतो आणि पीळ घेत सरळ वाढतो, दोन-अडीच मीटरपर्यंत. ग्रीनलंडकडून हे दात दक्षिणेकडे विकायला येत. ज्या माशाचे ते होते, तो विकत घेणाऱ्यांनी कधी पाहिलेला नसे. युनिकॉर्नचं शिंग म्हणून ते सोन्याहून महाग विकले जात. राजेलोकांना विषप्रयोगाची धास्ती असे, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं. १५७७ मध्ये मार्टिन फ्रोबिशर या दर्यावर्द्याला कॅनडाच्या उत्तरेला असा एक मेलेला मासा मिळाला. त्याने शिंग आणून एलिझाबेथ राणीला दिलं. डेन्मार्कच्या राजाने तर या दातांचं सिंहासनच करवून घेतलं. ते कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग वाड्यात आजही आहे.

फ्रान्सच्या राजाच्या पेल्यात या शिंगाचा तुकडा बुडवायची चाल होती. तिथल्या आंब्रोझ पारे या शल्यवैद्याने १५८२ मध्ये पुस्तक लिहून ती औषधी समजूत खोडून काढली. पारे सांगतो, राजाच्या मुख्य वैद्यालाही ही चाल बंद करावीशी वाटत होती. पण समजूत इतकी मुरली होती की त्याला ते जमणारं नव्हतं. पुढे १६३८ मध्ये कोपनहेगनच्या ओले वोर्म या विद्वानाने नारव्हालची कवटी दातासकट लोकांपुढे ठेवली. बघा, हे शिंग नव्हे, हा दात आहे! तरीही औषधवाल्यांच्या दुकानांतलं चूर्ण लगेच काही बंद झालं नाही.

आता आपण येतो आजच्या गोष्टीच्या गाभ्याशी, गोव्याला.

१५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला. त्याला दीवला किल्ला बांधायचा होता. १५१४ मध्ये त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला. पण रीत म्हणून नजराणे दिले, आणि त्यांत एक जिवंत गेंडा होता. हे धूड गोव्यात ठेवून करायचं काय? आल्बुकर्कने ते पोर्तुगालच्या राजाकडे, पहिल्या मॅन्युएलकडे, रवाना केलं. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघालं. गेंड्याबरोबर त्याचा हिंदुस्थानी राखणदारही होता. सुमारे चार महिन्यांचा प्रवास करून २० मे १५१५ रोजी जहाज लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपच्या मातीवर पाय ठेवणारा हा पहिला गेंडा. तिथल्या लोकांनी त्याचं नावही आपल्याकडचंच ठेवलं, गंडा.

विचार करा, ज्या हिंदुस्थानी एकशिंगी प्राण्याबद्दल दोन हजार वर्षं ऐकलं, तो साक्षात दारात उभा होता. लोकांनी काय केलं? त्यांनी प्लिनीचा ग्रंथ उघडला. गेंडा आणि हत्ती हाडवैरी, असं प्लिनीने लिहिलं होतं. राजाने लगेच ३ जूनला दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती गोंगाटाने आणि गर्दीने बिथरून पळून गेला. प्लिनी खरा ठरला, म्हणून सगळे खूश! पण ग्रंथातली दुसरी नोंद, घोड्याच्या अंगाचा एकशिंगी, ती तशीच राहिली. हा गेंडा, तो वेगळा. तो अजून सापडायचाय. मार्को पोलोचीही आधी अशीच पंचाईत झाली होती. तेराव्या शतकाच्या शेवटी सुमात्रा बेटावर त्याने गेंडे पाहिले आणि त्यांना युनिकॉर्नच म्हटलं. पण पुढे लिहिलं, की हे चिखलात लोळणारे कुरूप प्राणी आहेत, कुमारिकेच्या मांडीवर डोकं ठेवणारे हे नव्हेत.

लिस्बनहून एक पत्र आणि एक रेखाचित्र जर्मनीत न्यूरेंबर्गला पोहोचलं. तिथे आल्ब्रेख्त ड्यूरर हा मोठा चित्रकार होता. गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. पत्रावरून त्याने चित्र काढलं आणि लाकडी ठशावर छापलं. कातडीच्या घड्यांची त्याने चिलखताची पत्री केली, आणि मानेच्या मागे एक छोटं जादा शिंग बसवलं. हे चित्र इतकं गाजलं की पुढे दोनशेहून अधिक वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणजे हाच.

आणि खरा गंडा? राजाने तो पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यावर, पोर्तो व्हेनेरेजवळ, जहाज वादळात सापडलं. गेंड्याला पोहता येतं. पण तो साखळदंडाने डेकला बांधलेला होता. तो बुडाला.

त्याच काळात गेंड्याबद्दल लिहिणारा आणखी एक माणूस होता, बाबर. पेशावरच्या बाजूला त्याने गेंड्याची शिकार केली होती. आपल्या आठवणींत तो गेंड्याचा आकार सांगतो, शिंग मोजून सांगतो, त्या शिंगापासून पेला आणि फासे बनवल्याचं सांगतो. गेंडा हत्तीला शिंगावर उचलतो, अशी त्याच्या मुलखात समजूत होती. पाहिल्यानंतर त्याने लिहिलं, ते काही खरं दिसत नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फरक पडला तर पाहिलेलं धरायचं, एवढं त्याने केलं. युरोपातल्या ग्रंथकारांना हे साधं काम फार जड गेलं.

मग हा प्राणी पासपोर्टवर कसा आला? स्कॉटलंडच्या राजांनी तो आधीपासून घेतला होता. पंधराव्या शतकात तिथे ‘युनिकॉर्न’ नावाचं सोन्याचं नाणंही होतं. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा राजा झाला. इंग्लंडच्या सिंहासमोर वेल्सचा तांबडा ड्रॅगन होता, त्याच्या जागी जेम्सने आपला युनिकॉर्न आणला. साखळीचं कारण असं सांगतात, की जो जिवंत पकडता येत नाही त्यालाही राजाने बांधलं. प्लिनी इथेही आहेच.

लंडनकरांना या दोन्ही भावंडांना एकत्र पाहायचं असेल, तर ब्लॅकफ्रायर्सला अपॉथिकरीज हॉल आहे, जुन्या औषधविक्रेत्यांच्या संघाची वास्तू. १६१७ मध्ये त्यांना जे मानचिन्ह मिळालं, त्यात दोन बाजूंना दोन सोनेरी युनिकॉर्न आहेत, आणि माथ्यावर गेंडा, ड्यूररच्या चित्रातला. औषधवाल्यांनी दोघांनाही मान दिला, कारण दोघांच्या शिंगांवर त्यांचं दुकान चालत होतं. मूळ प्राणी आणि त्याची अफवा एकाच चिन्हात!

१८२७ मध्ये क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलं, की दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्याच्या कपाळाचं हाडही मधोमध सांधलेलं असतं, त्यावर एकच शिंग उगवणार नाही. तिथून युनिकॉर्न शास्त्राच्या पुस्तकांतून निघाला आणि मुलांच्या गोष्टींत गेला. तिथे तो सुखात आहे.

पुराणातली वांगी पुराणातच राहिली असती, तर आपण इथे हसून थांबलो असतो. पण एक वांगं बाहेर राहिलं. शिंगात औषध आहे, ही समजूत. ती टेसियसने निर्माण केली नाही, त्याने ती ऐकली. आशियात ती आधीही होती, नंतरही राहिली, आणि चीन आणि व्हिएतनामच्या बाजारात आजही त्यासाठी पैसे मोजले जातात. खरं तर गेंड्याचं शिंग आपल्या नखांच्याच पदार्थाचं असतं. पण शिकार आणि तुटत गेलेलं जंगल यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला एकशिंगी गेंडा जवळपास संपला होता. जेमतेम दोनशे उरले होते असं मानतात. १९०८ मध्ये आसामातलं काझीरंगा राखीव जंगल झालं, आणि वनरक्षकांच्या पिढ्यांनी जिवावर उदार होऊन गेंडा वाचवला. २०२२ च्या गणतीत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे होते. भारत आणि नेपाळ मिळून आता सुमारे चार हजार आहेत.

२२ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक गेंडा दिनी, आसाम सरकारने सरकारी कोठारांत साठलेली जवळपास अडीच हजार शिंगं जाहीरपणे जाळली. नुसत्या बाजारभावाने मोजलं, तर कोट्यवधींचा माल. पण सांगायचं होतं ते इतकंच, की या शिंगाला गेंड्याच्या नाकावर असतानाच किंमत आहे.

श्रोतेहो, आपण सगळे हिंदुस्थानापासून दूर राहतो. आपल्या मुलांना तो देश कळतो तो बराचसा आपल्या तोंडून. त्यांच्यासाठी आपणच इराणच्या दरबारातले ते व्यापारी. त्यामुळे पुढच्या वेळी घरात युनिकॉर्नचा केक कापाल, तेव्हा मुलांना खुशाल सांगा, की याचा एक खरा भाऊ आहे. तो चिखलात लोळतो, त्याला नीट दिसत नाही, पण तो जिवंत आहे. आणि सुट्टीत भारतात जाणं झालं, तर एकदा काझीरंगाला जाऊन तो त्यांना डोळ्यांनी पाहू द्या.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या घरात, गावात ऐकलेली अशी एखादी गोष्ट असेल, तर आम्हाला जरूर कळवा.